जिभेची साक्ष

माणसाचे जगणे-मरणे जिभेच्या हाती असते, या आशयाचे एक वचन बायबलमधील नीतिसूत्रांच्या अठराव्या अध्यायात आहे. बोलण्याविषयीच्या प्रवचनांत ते हमखास येते आणि त्याचे दोन अर्थ सांगितले जातात. पहिला असा, की शब्दांत घडवण्याची शक्ती आहे. म्हणून तोंडातून नेहमी चांगलेच काढावे, आजाराचे, कर्जाचे, अपयशाचे नावही घेऊ नये, म्हणजे चांगलेच घडेल. दुसरा अर्थ साधा आहे: ख्रिस्ती माणसाने गोड बोलावे, कोणाचे मन दुखवू नये. दोन्ही अर्थांत थोडेफार तथ्य आहे, पण दोन्ही त्या वचनाच्या मुळापर्यंत जात नाहीत. बायबलमध्ये शब्दाची ताकद ही सर्वांत आधी साक्षीदाराची ताकद आहे. एक माणूस दुसऱ्याविषयी काही ठामपणे सांगतो, ऐकणारे त्यावर विसंबतात आणि त्या दुसऱ्याचे आयुष्य त्याप्रमाणे वळण घेते. हे ध्यानात घेतले की विधायक बोलणे आणि विघातक बोलणे यांच्यातली सीमारेषा आपण समजतो तिथे राहत नाही. गोड शब्द विघातक असू शकतो आणि कडू शब्द जीव वाचवू शकतो. बोललेले खरे आहे का, आणि बोलणारा त्याची जबाबदारी घेऊन उभा आहे का, या दोन प्रश्नांवर सारे ठरते. या प्रकरणात हाच मुद्दा पुराव्यानिशी तपासायचा आहे.

वेशीतला न्याय

प्राचीन इस्राएलात न्यायनिवाडा गावाच्या वेशीत होत असे. रूथच्या ग्रंथात बवाज वेशीत जाऊन बसतो, गावच्या दहा वडीलधाऱ्यांना बसवून घेतो आणि जमिनीचा व लग्नाचा व्यवहार त्यांच्यादेखत पुरा करतो. तिथे तपास करणारे पोलीस नव्हते, पंचनामा नव्हता, रक्ताचे वा हाताच्या ठशांचे परीक्षण नव्हते. अनुवाद ग्रंथाच्या नियमानुसार दोन किंवा तीन साक्षीदारांच्या सांगण्यावर गुन्हा शाबीत होई, आणि काही गुन्ह्यांना शिक्षा एकच होती, दगडमाराने मृत्यू. अशा समाजात जीभ जगवते वा मारते असे म्हणणे हा अलंकार नव्हता, तो रोजचा अनुभव होता. दहा आज्ञांमध्ये शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास मनाई आहे, ती याच संदर्भात. बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या क्रमाने ही नववी आज्ञा, कॅथलिक आणि लूथरन क्रमाने आठवी. खून, व्यभिचार आणि चोरी यांच्या पाठोपाठ ती येते, कारण खोट्या साक्षीने माणसाचा जीव, घर आणि जमीन ही तिन्ही एकदम हिरावता येत.

हे कसे घडते याचा नमुना राजांच्या पहिल्या ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायात आहे. इज्रेलात अहाब राजाच्या वाड्याला लागून नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा होता. राजाला तिथे भाजीचा मळा करायचा होता. त्याने बदल्यात याहून चांगला मळा किंवा रोख किंमत देऊ केली. जमीन वाडवडिलांची आहे म्हणून नाबोथाने नकार दिला. अहाब घरी आला, पलंगावर तोंड फिरवून पडला आणि अन्नाला शिवेना. मग त्याची राणी ईजबेल हिने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, त्यांवर राजाची मोहोर उठवली आणि ती नाबोथाच्या गावच्या वडीलधाऱ्यांना धाडली. पत्रांत कृती अगदी तपशीलवार दिली होती: उपासाचा दिवस जाहीर करा, नाबोथाला लोकांत मानाच्या जागी बसवा, त्याच्यासमोर दोन नीच माणसे बसवा आणि त्याने देवाला व राजाला शाप दिला असे त्यांना सांगायला लावा. वडीलधाऱ्यांनी तसेच केले. नाबोथाला गावाबाहेर नेऊन दगडमार झाला आणि मळा राजाचा झाला. या सबंध प्रकरणात तलवार कोणीच उपसली नाही. कागद, मोहोर आणि दोन तोंडे एवढ्यावर काम भागले. शिवाय उपास आणि देवाची अब्रू या दोन्ही पवित्र गोष्टी त्या कटात वापरल्या गेल्या. धार्मिक भाषेत केलेली बदनामी सर्वांत लवकर पचते, हे ईजबेलला नेमके ठाऊक होते.

मोशेच्या नियमशास्त्राने या धोक्यावर जे उपाय योजले ते पाहण्यासारखे आहेत. एका साक्षीदाराच्या शब्दावर कोणालाही दोषी ठरवता येत नव्हते. मृत्युदंड झालाच, तर पहिला दगड साक्षीदाराने स्वतःच्या हाताने मारायचा होता. बोलून बाजूला होण्याची मुभा त्याला नव्हती. साक्ष खोटी निघाली, तर आरोपीला जी शिक्षा झाली असती तीच साक्षीदाराला भोगावी लागे. आणि लेवीय ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात आणखी एक कलम आहे: ज्याने काही पाहिले वा ज्याला काही ठाऊक आहे, आणि साक्षीसाठी पुकारा होऊनही जो बोलत नाही, तोही दोषी. चारही तरतुदींचे सूत्र एकच आहे. बोलणाऱ्याने आपल्या शब्दाची किंमत स्वतः मोजली पाहिजे, आणि जिथे गप्प राहण्याची किंमत दुसरा मोजतो तिथे गप्पही राहता येणार नाही.

ख्रिस्ती श्रद्धेच्या दृष्टीने या नियमांना पुढे फार मोठे वजन आले, कारण येशूवरील खटल्यात याजकसभेने खोटे साक्षीदार शोधले असे मत्तय सांगतो. मंदिर मोडून तीन दिवसांत बांधण्याविषयीचे येशूचे बोलणे मोडतोड करून त्याच्याविरुद्ध वापरले गेले. पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याच्याविरुद्धही खोटे साक्षीदार उभे केल्याची नोंद प्रेषितांच्या कृत्यांत आहे. म्हणजे ज्याची ख्रिस्ती माणूस उपासना करतो तोच बदनामीचा बळी आहे. या श्रद्धेच्या केंद्रस्थानी असलेली गोष्ट मान्य करून पुन्हा सहजपणे एखाद्याचे नाव खराब करणे, हा विसंवाद कोणत्याही मंडळीला परवडणारा नाही.

घरातली आणि मंडळीतली कुजबुज

वेशीतला न्याय गेला, पण माणसाचा निवाडा करण्याची बैठक मोडली नाही. ती ओट्यावर, लग्नाच्या मांडवात, कार्यालयातल्या चहाच्या वेळी आणि फोनवरच्या गटांत भरत राहते. येशूने डोंगरावरील प्रवचनात खुनाची चर्चा करता करता भावाला हिणवणाऱ्या शब्दापर्यंत आणून सोडली, ती याच कारणाने. माणसाला तुच्छ ठरवणारा शब्द हा त्याला समाजातून उठवण्याची पहिली पायरी असतो. याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय हेच पुढे नेतो. घोड्याचा लगाम, जहाजाचे सुकाणू आणि रानाला लागलेला वणवा अशी उदाहरणे देऊन तो लहानशा जिभेचा मोठा परिणाम दाखवतो. मग ज्या तोंडाने देवाची स्तुती करायची त्याच तोंडाने देवाच्या प्रतिरूपात घडलेल्या माणसाला शाप द्यायचा, ही विसंगती असह्य असल्याचे सांगतो. त्याच्या युक्तिवादाचा कणा इथे आहे. माणसाविषयी बोलताना आपण देवाच्या प्रतिरूपाविषयी बोलत असतो, म्हणून निंदा ही केवळ वाईट सवय उरत नाही, ती उपासनेशी केलेली प्रतारणा होते.

चहाडी आणि खोटी साक्ष यांत फरक एवढाच, की चहाडीत आरोपीला हजर राहण्याची सोय नसते. कान भरणारा माणूस बहुधा धादांत खोटे बोलत नाही. तो अर्धे खरे घेतो, त्याला तिखटमीठ लावतो, आणि शेवटी माझे नाव सांगू नकोस असे बजावतो. या शेवटच्या वाक्यातच त्याचे बोलणे साक्ष या नात्याने बाद होते, कारण ज्या शब्दाखाली सही करायची तयारी नाही तो शब्द तो दुसऱ्याच्या गळ्यात बांधत असतो. मंडळ्यांमध्ये याला एक खास वेष मिळतो. प्रार्थनासभेत एखादी बहीण वा भाऊ हळू आवाजात सांगतो, की अमुक कुटुंबासाठी फार प्रार्थनेची गरज आहे, आणि मग त्या कुटुंबातले भांडण, मुलाचे व्यसन, मुलीचे मोडलेले लग्न असे सारे तपशील एकेक करून बाहेर येतात. डोळे मिटलेले असतात, हेतूही कदाचित चांगला असतो. पण ज्यांच्याविषयी बोलणे चालले आहे त्यांची परवानगी कोणी घेतलेली नसते, आणि पुढच्या रविवारी त्या घरातली माणसे उपासनेला येतात तेव्हा सगळ्यांच्या नजरा त्यांना आधीच ओळखत असतात. देवाला तपशील लागत नाहीत. ते ऐकणाऱ्यांना लागतात.

चर्चच्या इतिहासात यावर विचारपूर्वक उपाय झालेले आहेत. मार्टिन लूथरने 1529 साली सामान्य घरांसाठी लहान प्रश्नोत्तरी लिहिली, तेव्हा खोट्या साक्षीच्या आज्ञेचा अर्थ त्याने मनाईपाशी थांबवला नाही. शेजाऱ्याची बाजू घेणे, त्याच्याविषयी चांगले बोलणे आणि त्याच्या वागण्याचा शक्य तितका भला अर्थ लावणे, हे त्याने त्याच आज्ञेचे कर्तव्य ठरवले. चारशे वर्षांनी जर्मनीतच डीट्रिख बॉनहोफर या धर्मशास्त्रज्ञाने फिंकनवाल्ड इथे तरुण पाळकांसाठी चालवलेल्या पाठशाळेत एक नियम घातला: गैरहजर बांधवाविषयी बोलायचे नाही, आणि चुकून बोललेच गेले तर त्याला जाऊन ते सांगायचे. ही पाठशाळा 1937 मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांनी, बंद केली. तिथल्या सहजीवनावरचे त्याचे पुस्तक 1939 मध्ये आले. या नियमाचा दुसरा भाग विशेष महत्त्वाचा आहे. मनाई मोडणारच हे गृहीत धरून त्याने मोडणाऱ्याला पुन्हा त्या माणसासमोर उभे केले. ज्याच्याविषयी बोललो त्याच्या तोंडावर ते सांगावे लागणार, एवढी एक खात्री असली की निम्मी चहाडी ओठांवरच थांबते.

जामीन राहणारा शब्द

विघातक शब्द म्हणजे जबाबदारी टाळून दिलेली साक्ष असेल, तर विधायक शब्द कोणता? कौतुक, शाबासकी, आशीर्वाद ही उत्तरे लगेच सुचतात. नव्या करारात याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण बर्णबा याचे आहे आणि ते कौतुकाच्या पुढे जाते. शौल, म्हणजेच पुढचा पौल, हा ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा माणूस. दमास्कसच्या वाटेवर त्याचे परिवर्तन झाले, पण तो यरुशलेमला आला तेव्हा शिष्य त्याला घाबरले; हा शिष्य झाला आहे यावर त्यांचा विश्वास बसेना. तेव्हा बर्णबाने त्याला प्रेषितांकडे नेले आणि दोन गोष्टी सांगितल्या: वाटेत त्याला प्रभूचे दर्शन कसे झाले, आणि दमास्कसमध्ये तो येशूच्या नावाने कसा निर्भयपणे बोलला. यात स्तुती जवळजवळ नाही. घडलेले प्रसंग आहेत आणि ते सांगणाऱ्याची स्वतःची पत आहे. हीच पत बर्णबाने आधी शेत विकून आलेले पैसे मंडळीला देऊन कमावली होती. शौल फितूर निघाला असता तर बर्णबाचे नाव बुडाले असते. तो जामीन राहिला. पुढे त्याने तार्सास जाऊन शौलाला शोधून काढले, अंत्युखियास आणले आणि वर्षभर त्याच्यासोबत काम केले.

योहान मार्काच्या बाबतीत त्याने हेच पुन्हा केले. मार्क पंफुल्यात प्रवास अर्धवट सोडून गेला होता, म्हणून पौल त्याला पुन्हा सोबत घ्यायला तयार नव्हता. या प्रश्नावर पौल आणि बर्णबा यांच्यात इतके तीव्र मतभेद झाले की दोघे वेगळे झाले. मार्क हा बर्णबाचा नातलग होता, तेव्हा पक्षपात झाला असा आक्षेप घेता येईल. पण तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, तुरुंगातला पौल त्याच मार्काला घेऊन ये असे सांगतो, कारण तो सेवेसाठी उपयोगी आहे. बर्णबाने टाकलेला विश्वास काही वर्षांनी खरा ठरला. तो काही आंधळा आशावाद नव्हता. मार्काची चूक बर्णबाला ठाऊक होतीच. त्या चुकीवरून सबंध माणसाचा निकाल लावायला त्याने नकार दिला, आणि त्या नकाराची किंमत म्हणून जुना सहकारी गमावला.

इथे याकोबाच्या पत्रातली दुसरी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. जिभेविषयीच्या प्रसिद्ध अध्यायाच्या आधीच्याच अध्यायात तो पोकळ गोड बोलण्यावर टीका करतो. अंगावर वस्त्र नसलेल्या, उपाशी माणसाला नुसते सुखाने जा, ऊब घे, पोटभर जेव असे म्हणून पाठवले, तर त्याचा काय उपयोग, असे तो विचारतो. शब्द सकारात्मकच आहेत, पण त्यांच्यामागे कोणी उभे नाही. महाराष्ट्राच्या इतिहासात या कसोटीला उतरलेले काम पंडिता रमाबाईंचे आहे. एकोणिसाव्या शतकातील उच्चवर्णीय घरांत नवरा मेला की दोष बायकोच्या माथी येई. पांढऱ्या पायाची, नवऱ्याला खाल्लेली, अवदसा असे शब्द दहा-बारा वर्षांच्या मुलींनाही ऐकावे लागत. या शब्दांत साक्ष, आरोप आणि निकाल तिन्ही एकत्र होते, आणि बचाव मांडायला जागा नव्हती. रमाबाईंनी 1887 साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ या पुस्तकात विधवांच्या या स्थितीची साक्ष जगापुढे ठेवली. पण त्या पुस्तकावर थांबल्या नाहीत. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले, पुढे केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले, आणि 1896 नंतरच्या दुष्काळांत त्यांनी शेकडो मुलींना तिथे आणले. त्या मुलींना अन्न, छप्पर, शाळा, विणकाम, शेती आणि छापखान्यातले काम मिळाले. मूळ हिब्रू व ग्रीक शिकून रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्याच छापखान्यात छापले गेले. जिला अपशकुनी म्हटले गेले तिच्या हाती पवित्र ग्रंथाचे खिळे जुळवण्याचे काम आले. तू अपशकुनी नाहीस, हे वाक्य नुसते उच्चारून जे झाले नसते ते इथे झाले.

मानसशास्त्र काय सांगते

अलीकडच्या संशोधनाने या जुन्या शहाणपणाला काही बाबतींत दुजोरा दिला आहे. रॉय बाउमायस्टर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये अनेक अभ्यासांचा आढावा घेऊन दाखवले, की वाईट अनुभव, वाईट अभिप्राय आणि वाईट बातम्या यांचा ठसा तेवढ्याच चांगल्या गोष्टींपेक्षा खोल उमटतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन गॉटमन याने जोडप्यांची भांडणे चित्रित करून वर्षानुवर्षे त्यांचा मागोवा घेतला. टिकलेल्या संसारांत वादाच्या वेळीही एका नकारात्मक उद्गारामागे किंवा वागण्यामागे सुमारे पाच सकारात्मक दिसले, आणि संसार मोडण्याचे सर्वांत ठळक चिन्ह ठरला तो तिरस्कार: नाक मुरडणे, टोमणे, जोडीदाराला खालचा समजणे. विशेष म्हणजे तक्रार करणे वेगळे आणि जोडीदाराच्या स्वभावावर शिक्का मारणे वेगळे, असा भेद गॉटमनने केला. तू काल उशिरा आलास हे वाक्य एका घटनेविषयी आहे. तुला कोणाची पर्वाच नाही हे वाक्य सबंध माणसावरचा निकाल आहे. साक्षीदार पाहिलेले सांगतो आणि निकाल न्यायाधीशावर सोडतो. घरात बोलतानाही हीच मर्यादा पाळली, तर रागाचे बोलणेसुद्धा नाते मोडत नाही.

सकारात्मक कबुलीचा आक्षेप

यावर एक मोठा आक्षेप खुद्द ख्रिस्ती वर्तुळातूनच येतो. देवाने शब्दाने सृष्टी निर्माण केली, डोंगराला समुद्रात जा म्हणण्याइतका विश्वास ठेवा असे येशूने सांगितले. मग विश्वासाने उच्चारलेल्या शब्दाने आजार का जाऊ नये, पैसा का येऊ नये? विसाव्या शतकात अमेरिकेत ई. डब्ल्यू. केन्यन आणि त्यानंतर केनेथ हेगिन यांच्या शिकवणुकीतून ही सकारात्मक कबुलीची चळवळ वाढली. अनेक अभ्यासकांनी तिच्यातील काही कल्पनांचे नाते एकोणिसाव्या शतकातील न्यू थॉट या विचारप्रवाहाशी जोडले आहे. मन आणि वाणी यांनी वास्तव बदलते, असे तो प्रवाह मानत असे. या शिकवणीत सांत्वन आहे, हे मान्य केले पाहिजे. हताश झालेल्या माणसाला आशेचे शब्द बोलायला शिकवणे ही वाईट गोष्ट नाही. पण सृष्टी निर्माण करणारा शब्द देवाचा होता. तो अधिकार माणसाच्या तोंडी दिला, की प्रार्थना ही विनंती राहत नाही, ती मंत्र बनते, आणि बरा न झालेला रुग्ण दोनदा मारला जातो: एकदा आजाराने आणि एकदा तुझी कबुलीच कमी पडली या आरोपाने. पेंटेकॉस्टल परंपरेतील असेंब्लीज ऑफ गॉड या चळवळीच्या अमेरिकेतील मंडळानेही 1980 साली अधिकृत निवेदन काढून या शिकवणीतल्या अतिरेकापासून सावध केले होते.

बायबलची स्वतःची साक्ष तर या शिकवणीच्या विरुद्ध आहे. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रे मोठ्या संख्येने आहेत, आणि वधस्तंभावर येशूच्या तोंडी आले ते शब्द अशाच एका विलापाचे होते. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, तोवर ते खरे मित्र होते; बोलू लागल्यावर त्यांनी त्याच्या दुःखाचा दोष त्याच्यावर ठेवला, आणि शेवटी देवाने त्यांनाच चुकीचे ठरवले. अहाबाची गोष्टही इथे पुढे सरकते. रामोथ-गिलादावर स्वारी करायची होती तेव्हा त्याच्या दरबारातल्या सुमारे 400 संदेष्ट्यांनी एकमुखाने विजय होईल असे सांगितले. मीखाया नावाच्या एकट्या संदेष्ट्याला बोलावायला गेलेल्या दूताने वाटेत त्याला सल्ला दिला, की सगळे चांगले बोलत आहेत, तूही तसेच बोल. हा माणूस माझ्याविषयी कधी चांगले भाकीत करत नाही म्हणून मला तो आवडत नाही, असे अहाब उघड सांगत असे. मीखायाने अखेर पराभव सांगितला, त्याला तुरुंगात टाकले गेले, आणि राजा लढाईत बाण लागून मेला. 400 तोंडांनी उच्चारलेली सकारात्मक वाणी त्याला वाचवू शकली नाही. तिनेच त्याला रणात नेले.

प्रयोगशाळेतही असेच काहीसे आढळले आहे. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठातल्या जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही जणांना आपण प्रेमास पात्र आहोत असे वाक्य मनाशी पुन्हा पुन्हा म्हणायला सांगितले. ज्यांचा स्वतःवर आधीच भरवसा होता त्यांना थोडे बरे वाटले. ज्यांना स्वतःविषयी न्यूनगंड होता त्यांची मनःस्थिती ते वाक्य न म्हणणाऱ्यांपेक्षा खालावली. कारण बहुधा हे: मन ती साक्ष मान्यच करत नव्हते. अशा माणसाला स्वतःच्या तोंडच्या घोषवाक्यापेक्षा दुसऱ्या कोणाची विश्वासार्ह साक्ष हवी असते, बर्णबाने शौलासाठी दिली तशी.

कडू शब्दाची जागा

दुसरा आक्षेप याच्या उलट दिशेने येतो. निंदा टाळा, भला अर्थ लावा, गैरहजर माणसाविषयी बोलू नका, या शिकवणीने सत्ताधाऱ्यांची सोय होत नाही का? मंडळीत पैशांचा अपहार झाला, एखाद्या पुढाऱ्याने मुलीवर अत्याचार केला, तर हीच वचने पुढे करून पीडितेला गप्प बसवले जात नाही का? आक्षेप गंभीर आहे आणि खरा आहे. जगभरच्या चर्चमध्ये अशी प्रकरणे वर्षानुवर्षे दाबली गेल्याचे चौकश्यांतून उघड झाले आहे. पण याचे उत्तर साक्षीच्या कल्पनेतच आहे. ठाऊक असून न बोलणाऱ्याला लेवीय ग्रंथ दोषी धरतो. नाबोथ मेल्यावर एलीया संदेष्टा त्याच द्राक्षमळ्यात राजासमोर जाऊन उभा राहिला आणि खून करून वर ताबाही घेतलास का, असा जाब त्याने विचारला. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला आणि येशूने परुशी व शास्त्री यांना असेच तोंडावर सुनावले. हे बोलणे कठोर होते, पण ते ज्याला उद्देशून होते त्याच्यासमोर केले गेले, त्यातली वस्तुस्थिती खरी होती, आणि बोलणाऱ्याने त्याचे परिणाम स्वतःवर घेतले. रमाबाईंनी 1897 च्या प्लेगच्या साथीत पुण्यातल्या सरकारी प्लेग इस्पितळात आणि छावणीत स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये आपल्या नावाने लिहिले. राज्य करणारे त्यांच्याच, म्हणजे ख्रिस्ती, धर्माचे होते आणि सरकारने आरोप फेटाळले. तरी त्या बोलल्या. भला अर्थ लावण्याची सूट माणसाच्या अस्पष्ट वागण्याला असते, सिद्ध अन्यायाला नसते. म्हणून अत्याचार पोलिसांत सांगणारी स्त्री मंडळीची निंदा करत नसते. ती साक्ष देत असते, आणि तिला गप्प करणारेच आज्ञा मोडत असतात.

शेवटचा आक्षेप याकोबाच्याच पत्रातून निघतो. जीभ कोणाही माणसाला वश करता येत नाही असे तो म्हणतो. मग या सगळ्या उपदेशाचा उपयोग काय? ख्रिस्ती उत्तर असे, की बोलणे हे अंतःकरणात साचलेले बाहेर येणे आहे, असे येशूने सांगितले. तेव्हा फक्त तोंडावर पहारा बसवून भागत नाही, आत काय साचवतो तेही बदलावे लागते, आणि त्यासाठी माणसाला कृपेची गरज असते. येशूचा शिष्य पेत्र याने आपण त्याला ओळखत नसल्याचे शपथेवर सांगितले. साक्षीची वेळ आली आणि त्याची जीभ फिरली. तरीही पन्नासाव्या दिवसाच्या, म्हणजे पेंटेकॉस्टच्या, सणाला यरुशलेमच्या गर्दीसमोर पहिली जाहीर साक्ष देण्यासाठी तोच उभा राहिला. मोडलेली जीभही पुन्हा खरे बोलू शकते, हा ख्रिस्ती आशेचा भाग आहे. पण कृपा सवयीची जागा घेत नाही, तिला वाट करून देते. व्हॉट्सॲपवर आलेला एखाद्या माणसाविषयीचा मजकूर पुढे पाठवणारा प्रत्येक जण साक्षीदार आहे, मूळ मजकूर कोणीही लिहिलेला असो. तो पाठवण्याआधी हे मी स्वतः पाहिले आहे का, हे मी त्या माणसासमोर बोलेन का, आणि हे खोटे निघाले तर भरपाई करायला तयार आहे का, हे तीन प्रश्न विचारायला काही क्षण लागतात. एखादी मंडळी किंवा घर ख्रिस्ती आहे की नाही हे तिथल्या गाण्यांवरून आणि आशीर्वचनांवरून ठरवणे कठीण आहे. तिथे उपस्थित नसलेल्या माणसाची बाजू कोणी घेते का आणि अन्याय झालेल्या माणसाची साक्ष कोणी ऐकून घेते का, यावरून ते नक्की ठरवता येते.